प्रांताप्रांतातली आरोग्यसेवेची दरी मोजायची कशी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

देशाच्या कुठल्या भागात आरोग्यसेवा पुढे गेली, कुठला भाग मागे राहिला आणि दहा-वीस वर्षांत ही दरी वाढली की कमी झाली, हे आकड्यांत दाखवायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं दोन आठवड्यांत उरकेल. डेटा उतरवायचा, सूत्र टाकायचं, ग्राफ काढायचा, झालं. लागले सात महिने. त्यातले सूत्रांना गेले असतील फार तर चार दिवस, बाकी सगळा वेळ गेला आधी न घेतलेले निर्णय नंतर निस्तरण्यात. म्हणून सूत्रं मी जरा उशिरा सांगणार आहे, ती कुठेही मिळतात. सूत्राच्या आधीचं कोणी सांगत नाही, ते आधी बघू.

काय काय लागेल

- प्रांत किंवा जिल्हानिहाय आरोग्याचे आकडे, निदान तीन वेगवेगळ्या वर्षांचे (दोन वर्षांवरून ट्रेंड ठरवू नका, एक वर्ष विचित्र निघालं की संपलं)
- त्याच प्रदेशांची त्या त्या वर्षाची लोकसंख्या, जमल्यास वयोगटानुसार
- प्रदेशांच्या सीमांची नकाशा-फाइल, आणि मधल्या काळात कुठल्या सीमा कधी बदलल्या त्याची यादी
- आकड्यांसोबत येणारी व्याख्यांची पुस्तिका. ही कोणी उघडत नाही. उघडा.
- सॉफ्टवेअर: छोट्या कामाला एक्सेल चालतं, पुढे आर किंवा पायथन, नकाशासाठी क्यूजीआयएस आणि जिओडा. एक्सेल सोडून ही चारही फुकट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं हेल्थ इक्विटी असेसमेंट टूलकिट पण फुकट आहे आणि त्याच्या प्लस आवृत्तीत स्वतःचा डेटा टाकता येतो, सुरुवातीला हात साफ करायला छान आहे
- एक साधी वही किंवा टेक्स्ट फाइल, कुठला निर्णय का घेतला ते लिहायला

१. आधी ठरवा, दरी म्हणजे नेमकं काय

हे वाक्य फालतू वाटेल पण सगळं इथेच ठरतं. एक छोटं उदाहरण घेऊ, आकडे मी बनवलेले आहेत. एका देशात चार प्रांत आहेत. दोन आतल्या भागातले, लोकसंख्या ४० लाख आणि ३० लाख. दोन किनाऱ्यावरचे, २० लाख आणि १० लाख. दर दहा हजार माणसांमागे दवाखान्यातल्या खाटा किती, तर आतल्या दोघांत १०-१०, किनाऱ्यावर २० आणि ३०. दहा वर्षांनी आतले दोघे १६-१६ वर आले, किनाऱ्याचे २८ आणि ४० वर.

आता सांगा, दरी वाढली की घटली?

वजाबाकी केली तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यातलं अंतर २० होतं ते २४ झालं, म्हणजे वाढली. भागाकार केला तर वरचा खालच्याच्या तिप्पट होता तो अडीचपट झाला, म्हणजे घटली. दोन्ही बरोबर आहे! आकडे तेच, देश तोच. सरकारच्या बाजूने लिहिणारा भागाकार दाखवेल, विरोधातला वजाबाकी दाखवेल आणि दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसेल. त्यामुळे निरपेक्ष दरी (वजाबाकीवाली) आणि सापेक्ष दरी (भागाकारवाली) यातलं तुम्ही काय मोजताय ते पहिल्या दिवशी वहीत लिहा, आणि माझं ऐकाल तर दोन्ही मोजा आणि दोन्ही छापा. निकाल बघून मग मापक निवडायचा मोह फार जबरदस्त असतो, मला झालेला आहे म्हणून सांगतोय.

दुसरं, तुम्हाला प्रांत मोजायचेत की माणसं? १० लाखांचा प्रांत आणि ४० लाखांचा प्रांत दोघांना एकेक मत दिलं तर पहिल्या वर्षाची सरासरी येते १७.५ खाटा, लोकसंख्येचं वजन दिलं तर १४. "सरकारं एकमेकांशी तुलनेत कशी चालली" हा प्रश्न असेल तर वजन न देता चालेल. "देशातल्या लोकांच्या वाट्याला किती असमान सेवा येते" हा प्रश्न असेल तर वजन द्यायलाच हवं. या लेखात पुढे मी वजन देऊनच आकडे काढलेत.

२. नकाशा एका जागी गोठवा

वीस वर्षं कुठल्याच देशाचा नकाशा गप्प बसत नाही. चीनमध्ये १९९७ साली चोंगचिंग सिचुआनमधून वेगळं काढलं, म्हणजे सुमारे तीन कोटी माणसं आणि त्यांचे दवाखाने एका रात्रीत सिचुआनच्या रकान्यातून गेले. भारतात २०१४ साली आंध्र प्रदेशातून तेलंगणा झालं. फ्रान्सने २०१६ मध्ये युरोपातल्या आपल्या २२ प्रदेशांचे १३ केले, केनियात २०१३ पासून जुन्या ८ प्रांतांच्या जागी ४७ काउंटी कारभार बघायला लागल्या. जिल्ह्यांच्या पातळीवर गेलात तर आणखी मजा, भारताच्या २०११ च्या जनगणनेत ६४० जिल्हे होते आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ७०७.

हे तसंच सोडलं तर एका गटाचे दोन गट होताना तफावत आपोआप वाढलेली दिसते, कारण आधी जो फरक प्रांताच्या पोटात लपलेला होता तो आता दोन प्रांतांमधला फरक म्हणून बाहेर येतो. जमिनीवर काहीच बदललेलं नसतं.

उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. एक वर्ष आधार म्हणून धरा आणि सगळी वर्षं त्याच सीमांवर आणा. फुटलेले प्रदेश परत जोडणं सोपं, अंश आणि छेद वेगवेगळे बेरजेला घ्यायचे आणि मग दर काढायचा (दरांची थेट सरासरी काढू नका, हे मी तीन जणांना करताना पाहिलंय). जुना प्रदेश नव्या सीमांप्रमाणे तोडायचा असेल तर खालच्या पातळीचा डेटा लागतो, तो नसेल तर तोडू नका, जोडा.

आणि पातळी बदलली की उत्तर बदलतं हेही ध्यानात असू दे. जिल्ह्यांवर काढलेली तफावत साधारण प्रांतांवर काढलेल्यापेक्षा जास्तच येते, त्यामुळे एका देशाचे जिल्हे आणि दुसऱ्या देशाचे प्रांत घेऊन तुलना करणं म्हणजे आंबे आणि आंब्याच्या पेट्या एकत्र मोजणं.

३. इंडिकेटर निवडा, आणि कमी निवडा

इथे आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केलेली विभागणी अजून उपयोगी पडते: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे डॉक्टर, नर्स, खाटा, पैसा. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काय झालं, लसीकरण किती, दवाखान्यात बाळंतपणं किती, रक्तदाब असलेल्या किती जणांवर उपचार चालू आहेत. परिणाम म्हणजे बालमृत्यू, मातामृत्यू, आयुर्मान. प्रत्येकातून दोन-तीन घ्या. नवीन माणूस चाळीस इंडिकेटर घेतो कारण डेटा मिळतोय म्हणून, आणि त्यातले तीस रचनेचेच असतात कारण खाटा मोजणं सगळ्यात सोपं.

खाटांबद्दल एक सावध करून ठेवतो. खाटा जास्त म्हणजे प्रगती जास्त असं नाही. जपानमध्ये दर हजारी १२ च्या पुढे खाटा आहेत, स्वीडनमध्ये २ च्या आसपास, पण स्वीडनची आरोग्यसेवा जपानच्या एक षष्ठांश आहे असं कोणी म्हणणार नाही. बऱ्याच ऑपरेशनांना आता त्याच दिवशी घरी सोडतात म्हणून खाटा मुद्दाम कमी केल्या जातात. तेव्हा एखाद्या पुढारलेल्या प्रांताच्या खाटा घटल्या म्हणून "दरी मिटतेय" असं लिहून मोकळे होऊ नका.

मग येतो उलट-सुलट इंडिकेटरचा सापळा. समजा लसीकरण एका प्रांतात ६० टक्के, दुसऱ्यात ८०. काही वर्षांनी ८० आणि ९२. लस मिळालेल्यांचं गुणोत्तर १.३३ वरून १.१५ झालं, दरी घटली. आता तेच न मिळालेल्यांचं बघा, ४० आणि २० होते ते २० आणि ८ झाले, म्हणजे गुणोत्तर २ वरून २.५, दरी वाढली. टक्क्यांत असलेल्या प्रत्येक इंडिकेटरला हा रोग आहे. सगळे इंडिकेटर एकाच दिशेने ठेवा, एकतर सगळे "चांगलं किती" किंवा सगळे "वाईट किती", आणि टक्क्यांसाठी वजाबाकी पण सोबत द्या कारण ती दोन्हीकडून सारखीच येते (२० चं अंतर होतं ते १२ झालं, इकडून मोजा नाहीतर तिकडून).

४. छेद सांभाळा

माझे सात महिने कुठे गेले म्हणाल तर बरेचसे इथे. सगळे अंशाकडे बघतात, डॉक्टर किती खाटा किती, आणि खाली भागायला जी लोकसंख्या घेतो ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट, दोन जनगणनांच्या मधली लोकसंख्या हा अंदाज असतो. नवीन जनगणना आली की मागचे अंदाज दुरुस्त होतात आणि तुमच्या आलेखात त्या वर्षी एक पायरी दिसते. नायजेरियात २००६ नंतर कित्येक वर्षं जनगणना झाली नाही, भारतातही २०२१ ची वेळेवर झाली नाही, म्हणजे आपण जी दर हजारी संख्या म्हणतो ती जुन्या मोजणीवरून पुढे ढकललेल्या आकड्यावर उभी असते. शक्य असेल तिथे दुरुस्त केलेली मालिका घ्या आणि सगळ्या वर्षांसाठी एकच मालिका घ्या, जुन्या पुस्तकातलं एक वर्ष आणि नव्या पुस्तकातलं एक असं नको.

दुसरी, कोण मोजले? चीनमध्ये नोंदणीकृत लोकसंख्या आणि प्रत्यक्ष राहणारी लोकसंख्या यात प्रचंड फरक असतो, कारण कामासाठी गेलेली माणसं कागदावर गावीच असतात. नोंदणीचा आकडा घेतला की मोठी शहरं अजून श्रीमंत दिसतात आणि ज्या प्रांतातून लोक बाहेर पडलेत ते अजून गरीब. बऱ्याच देशांत कमी-अधिक हेच आहे.

तिसरी, दवाखाना जिथे आहे तिथलेच रुग्ण येतात असं नाही. राजधानीच्या मोठ्या रुग्णालयात अर्धे रुग्ण शेजारच्या प्रांतांतले असतात. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये राजधानीचा प्रदेश इतका पुढे आला होता की बाकी सगळे ग्राफच्या तळाला चिकटले होते, आणि एका ओळखीच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "या खाटांवर झोपतं कोण?" त्या दिवशी संध्याकाळी मी राजधानी धरून आणि वगळून असे दोन हिशेब करायला घेतले, तेव्हापासून नेहमी दोन्ही करतो.

चौथी, माणसांमागे किती हा एकच छेद पुरत नाही. विरळ वस्तीच्या प्रांतात माणशी खाटा भरपूर दिसतात पण सगळ्यात जवळची खाट दीडशे किलोमीटरवर असू शकते. यासाठी एक सोपा उपाय म्हणजे संसाधन घनता निर्देशांक: दर हजार लोकांमागचं प्रमाण गुणिले दर चौरस किलोमीटरमागचं प्रमाण, आणि त्याचं वर्गमूळ. याहून नीट करायचं असेल तर लुओ आणि वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत आहे, आधी प्रत्येक दवाखान्याच्या पोहोचीत येणाऱ्या लोकांमागे तिथे सेवा किती ते प्रमाण काढायचं आणि मग प्रत्येक वस्तीच्या पोहोचीत येणाऱ्या दवाखान्यांच्या त्या प्रमाणांची बेरीज. मेहनत जास्त आहे, रस्त्यांचा डेटा लागतो, पण प्रांताची सीमा ओलांडून जाणारे रुग्ण त्यात आपोआप धरले जातात.

आणि पाचवी, गरज. म्हाताऱ्या माणसांच्या प्रांताला जास्त डॉक्टर असणं ही विषमता नाही. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की चांगली सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळण्याकडे कल असतो, आणि इंग्लंडने १९७६ च्या अहवालानंतर प्रदेशांना पैसे वाटताना मृत्युदर धरून गरज मोजायला सुरुवात केली. तुम्ही निदान एवढं करा, मृत्युदर आणि आजारांचे दर वयानुसार प्रमाणित करून घ्या, म्हणजे सगळ्या प्रांतांवर आणि सगळ्या वर्षांवर एकच ठरलेली वयरचना लावा. तसं केलं नाही तर वीस वर्षांत जो प्रांत नुसता म्हातारा झाला तो मागे पडलेला दिसतो.

५. डेटा साफ करा

थोडक्यात, पण हात चालवून बघा:

एक्सेल प्रदेशाच्या कोडमधलं सुरुवातीचं शून्य खातं. ०५ चं ५ होतं आणि मग दोन फाइली जुळत नाहीत. कॉलम टेक्स्ट म्हणून उघडा. जुळवणी नावांवर करूच नका, कोडवर करा, एकाच प्रांताचं स्पेलिंग चार फाइलींत चार प्रकारे असतं.

रिकामा रकाना आणि शून्य एक नव्हे. "माहिती नाही" ला शून्य धरलं की एखादा प्रांत फुकट शेवटचा येतो.

व्याख्या कधी बदलली ते शोधा. डॉक्टरांत सहायक डॉक्टर धरले का, खाटांत डे-केअरच्या धरल्या का, खासगी दवाखाने कुठल्या वर्षापासून मोजायला लागले. डॉक्टरांच्या नोंदणीवहीवर तर अजिबात विसंबू नका, वारलेले आणि परदेशी गेलेले पण त्यात वर्षानुवर्षं राहतात.

नोंदणी सुधारली की आजार वाढतो, कागदावर. मागास भागात मृत्यूंची नोंद नीट व्हायला लागली की तिथला मृत्युदर चढतो आणि दरी रुंदावलेली दिसते, खरं तर ती सुधारणा असते. २०२० आणि २०२१ ची वर्षं वेगळी पाडून बघा, कोविडमध्ये नोंदणीही कोलमडली आणि सर्वेक्षणंही, भारताच्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात काही राज्यांचं काम लॉकडाउनच्या आधी संपलं होतं आणि काहींचं नंतर झालं.

सर्वेक्षणाच्या आकड्याला मागेपुढे चूक असते हे विसरू नका. छोट्या प्रांतात एका वर्षी ३ मातामृत्यू आणि पुढच्या वर्षी ६ म्हणजे "दुप्पट" नाही, तो योगायोग असू शकतो. अशा क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी तीन वर्षांचा डेटा एकत्र करतात, भारतातली नमुना नोंदणी पद्धतही मातामृत्यूचे आकडे तीन वर्षांचे मिळूनच देते. आणि नमुना जितका लहान तितका प्रांतांमध्ये खोटा फरक जास्त दिसतो, म्हणून आधीच्या फेरीत नमुना छोटा आणि नंतरच्या फेरीत मोठा असेल तर दरी काहीही न होता घटलेली दिसेल.

६. सगळ्याचा मिळून एक स्कोअर हवाच असेल तर

खरं सांगायचं तर मला हे फारसं आवडत नाही, बालमृत्यू आणि खाटा यांची बेरीज करून जे येतं ते नेमकं काय आहे हे कोणाला सांगता येत नाही. पण वरिष्ठांना एक आकडा हवा असतो, त्यामुळे करावं लागतंच.

पहिल्या सापळ्यात मी स्वतः दोन महिने अडकलो होतो. इंडिकेटर एका मापावर आणायला सगळ्यात लहान किंमतीला ० आणि सगळ्यात मोठीला १ असं करतात. मी हे प्रत्येक वर्षासाठी वेगळं केलं. म्हणजे दर वर्षी शेवटच्याला ० आणि पहिल्याला १! प्रगती गायब, दरी कायमची गोठलेली, आणि मी बसलो विचार करत की वीस वर्षांत काहीच कसं बदललं नाही. सगळी वर्षं एकत्र टाकून एकदाच लहान-मोठं काढा. त्याहून चांगलं म्हणजे बाहेरून ठरवलेल्या कायमच्या हद्दी घ्या, मानव विकास निर्देशांकात आयुर्मानाला २० आणि ८५ वर्षं अशा हद्दी आहेत तसं. नवीन वर्षाचा डेटा आला तरी जुने स्कोअर हलत नाहीत.

दुसरा सापळा एन्ट्रॉपी वजनांचा, म्हणजे स्कोअरमध्ये कुठल्या इंडिकेटरला किती महत्त्व द्यायचं ते सूत्राने ठरवायचं. ही पद्धत फार लोकप्रिय आहे कारण "वजनं आम्ही ठरवली नाहीत, डेटाने ठरवली" असं म्हणता येतं. पण ती वजन कशाला देते, तर ज्यात फरक जास्त त्याला. लसीकरण सगळीकडे जवळपास सारखं झालं असेल, जे की मोठं यश आहे, तर त्याला जवळपास शून्य वजन मिळतं आणि दोन-चार शहरांतच असलेल्या महागड्या मशीनला सगळ्यात जास्त. म्हणजे विषमता मोजायला निघालात आणि मोजणीआधीच विषम गोष्टींना झुकतं माप दिलंत. वापरायचीच असेल तर वजनं सगळ्या वर्षांवरून एकदाच काढा आणि बाजूला समान वजनांचा स्कोअर पण ठेवा. दोन्हीत प्रांतांचा क्रम फारच वेगळा आला तर तुमचा निष्कर्ष वजनांचा आहे, देशाचा नाही.

तिसरं जरा बारीक आहे. ० ते १ वर आणलेल्या स्कोअरचं शून्य हे खरं शून्य नसतं, आपण मानलेलं असतं. त्यावर गिनी किंवा थाइल (विषमतेचे दोन मापक, ० म्हणजे सगळे सारखे, आकडा मोठा तितकी दरी जास्त) लावला की हद्द थोडी सरकवताच उत्तर बदलतं. म्हणून दरीचे मापक मूळ इंडिकेटरवर लावा, स्कोअरवर लावलेच तर हद्दी सरकवून एकदा बघा.

७. आता दरी मोजा

आपल्या चार प्रांतांवर परत येऊ. लोकसंख्येचं वजन देऊन:

- प्रमाण विचलन, म्हणजे प्रांत सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत: ६.६३ वरून ७.९६ (वाढलं)
- चलन गुणांक, म्हणजे विचलन भागिले सरासरी: ०.४७ वरून ०.३८ (घटला)
- गिनी: ०.२१४ वरून ०.१७३ (घटला)
- थाइल: ०.०९७ वरून ०.०६५ (घटला)

पहिला निरपेक्ष आहे, बाकीचे तीन सापेक्ष. पायरी १ मध्ये जे वजाबाकी-भागाकाराचं झालं तेच इथे मोठ्या नावांनी झालं.

एकच शिकायचा असेल तर थाइल शिका. अर्थशास्त्रज्ञ हेन्री थाइल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा मापक पूर्ण तुकड्यांत फोडता येतो, गटांच्या आतली तफावत अधिक गटांमधली तफावत बरोबर एकूण, बाकी काही उरत नाही. करायचं असं: प्रत्येक प्रांताची किंमत भागिले देशाची सरासरी, त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग, दोन्हींचा गुणाकार, त्याला प्रांताच्या लोकसंख्येचा वाटा लावा आणि सगळ्यांची बेरीज. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीच्या ०.०९७ पैकी ०.०८७ हे किनारा आणि आतला भाग यांच्यातलं आहे, किनाऱ्याच्या दोन प्रांतांमधलं फक्त ०.०१०, आतल्या दोघांत शून्य. म्हणजे नव्वद टक्के दुखणं किनारा विरुद्ध आतला भाग हेच. दहा वर्षांनी एकूण थाइल एक तृतीयांशाने उतरला तरी हा वाटा ८९ टक्के, म्हणजे दुखणं कमी झालं पण जागा तीच. धोरण आखणाऱ्याला उपयोग होतो तो या फोडीचा, नुसत्या ०.०६५ चा नाही.

एखाद्या प्रांतात किंमत चक्क शून्य असेल (एकही तज्ज्ञ नाही वगैरे) तर शून्याचा लॉग निघत नाही आणि फाइल लाल होते. थाइलमध्ये ती संज्ञा शून्य धरायची, ते गणिताने बरोबर आहे. त्याचा भाऊ असलेला सरासरी लॉग विचलन हा मापक मात्र तिथे चालतच नाही. लोक शून्याच्या जागी ०.०००१ टाकतात, ते नका करू.

गिनी कोराडो गिनी यांचा, १९१२ चा, सगळ्यांना ओळखीचा म्हणून द्यावाच. त्याची गटांत फोड करताना गटांची एकमेकांवर चढाचढी होते त्याचा तिसरा तुकडा निघतो, श्रीमंत गटातला मागासलेला प्रांत गरीब गटातल्या पुढारलेल्यापेक्षा खाली असतो ना, ते. १९९७ ची दागुम यांची पद्धत हे तीन तुकडे देते. गट एकमेकांत बरेच मिसळलेले असतील तर ती वापरा.

८. काळाचा धागा

दर वर्षाचा मापक काढून रेघ ओढली की दरी घटतेय का ते कळतं, याला सिग्मा अभिसरण म्हणतात. बीटा अभिसरण म्हणजे जे सुरुवातीला मागे होते ते जास्त वेगाने वाढले का. आपल्या उदाहरणात १० वरून १६ ला गेलेल्याचा वेग वर्षाला साधारण ४.७ टक्के, ३० वरून ४० ला गेलेल्याचा २.९ टक्के, म्हणजे बीटा आहे.

पण बीटा असलं म्हणजे दरी मिटतेच असं नाही. मागचे पुढे गेले, पुढचे मागे आले आणि पसारा तेवढाच राहिला असंही होतं. शिवाय सुरुवातीच्या वर्षी मोजमापाची चूक असेल तर ज्याचा आकडा चुकून कमी आला तो नंतर "वेगाने वाढलेला" दिसणारच. अर्थशास्त्रज्ञ डॅनी क्वा यांनी १९९३ मध्ये हे ठणकावून सांगितलंय तरी लोक अजून बीटा काढून खुश होतात. म्हणून सिग्मा आधी, बीटा सोबतीला.

अजून एक साधी गोष्ट, प्रांतांचे चार गट करा, खालचा ते वरचा, आणि किती जण एका गटातून दुसऱ्यात गेले त्याचं टेबल बनवा. वीस वर्षांत खालच्या गटातून कोणीच बाहेर पडलं नाही हे त्या टेबलात एका नजरेत दिसतं, गिनीच्या रेघेत कधीच दिसत नाही. फक्त गटांच्या सीमा सगळ्या वर्षांसाठी एकच ठेवा.

९. नकाशावर बघा

मागासलेले प्रांत एकमेकांना चिकटून आहेत की विखुरलेले, हे 'मोरानचा आय' नावाच्या मापकाने कळतं, जिओडात पाच मिनिटांचं काम. उत्तर धन आलं म्हणजे सारखे सारख्यांजवळ, शून्याच्या आसपास म्हणजे विखुरलेले. शेजारी कोण हे ठरवताना सामायिक सीमा घेतली तर बेटांना शेजारीच उरत नाही आणि ती गुपचूप हिशेबातून जातात, तिथे सगळ्यात जवळचे चार-पाच प्रदेश शेजारी धरा. प्रदेश पंधरा-वीसच असतील तर याच्या निकालावर फार जोर देऊ नका.

रंगवताना सगळ्या वर्षांच्या नकाशांना एकच रंगपट्टी. सॉफ्टवेअर दर नकाशाला नवीन पट्टी लावतं आणि मग २००० चा आणि २०२० चा नकाशा हुबेहूब दिसतात.

१०. पाठवण्याआधी मोडून बघा

हे करा आणि मगच कोणाला दाखवा: राजधानी वगळून, वजन देऊन आणि न देता, कोविडची दोन वर्षं वगळून, सुरुवातीचं वर्ष एकाने मागेपुढे करून, आणि स्कोअर काढला असेल तर सगळ्या इंडिकेटरना समान वजन देऊन. प्रत्येक वेळी "दरी घटली" हेच आलं तर बिनधास्त लिहा. सहातल्या दोन वेळा उलटं आलं तर ते पण लिहा, कुठल्या दोन वेळा ते सांगून, वाचणाऱ्याला त्यातूनच जास्त कळतं.

क्रमवारीचं टेबल मथळ्याला देऊ नका. एखादा प्रांत सुधारूनही सातव्यावरून नवव्यावर जातो कारण दोघे त्याच्याहून जोरात सुधारले, आणि बातमी येते "अमुक प्रांत घसरला". क्रमांक द्यायचाच तर शेजारी मूळ आकडा द्या. आणि प्रांताच्या सरासरीवरून तिथल्या माणसांबद्दल बोलू नका, पुढारलेल्या प्रांतातही रस्त्यापासून लांबच्या वस्तीत नर्स पोहोचत नसेल, तुमच्या टेबलात ती वस्ती नाहीच.

मूळ डेटा जसा आला तसा एका फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवा, त्याला हात लावायचा नाही, सगळे बदल स्क्रिप्टने. उतरवल्याची तारीख फाइलच्या नावात टाका कारण सांख्यिकी कार्यालयं जुने आकडे न सांगता बदलतात, माझ्याकडे एकाच टेबलाच्या आठ महिन्यांच्या अंतराने उतरवलेल्या दोन प्रती आहेत आणि त्यात अकरा प्रांतांचे आकडे वेगळे आहेत.